सुगीच्या गाण्याचा व्हिडिओ: कॅमेरा आणण्याआधी गाणं मोजून घ्या

खानापूर तालुक्यातल्या पाच विद्यार्थ्यांनी विचारलं आहे: आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत. आमच्यातल्या एकाने सुगीवर गाणं लिहून केरवा तालात चाल लावली आहे, साधारण तीन मिनिटांचं. त्याचा व्हिडिओ करून स्नेहसंमेलनात दाखवायचा आहे, नंतर यूट्यूबवर टाकायचा आहे. जवळ दोन मोबाइल, एक जुना लॅपटॉप आणि वर्गणीचे सात हजार रुपये आहेत. बेळगावातून कॅमेरा भाड्याने आणावा की ड्रोन? किती दिवस धरावेत?

दोन्ही आणू नका. तुमच्या मोबाइलचा कॅमेरा या कामाला पुरतो. सात हजारांतला मोठा वाटा गाण्याच्या रेकॉर्डिंगला द्या, थोडा प्रवासाला, आणि ज्यांच्या शेतात, खळ्यावर तुम्ही जाणार त्यांच्या चहा-जेवणाला हात आखडता घेऊ नका. मी बेळगावात बरीच वर्षं लग्नं, जाहिराती आणि अल्बमची गाणी शूट आणि एडिट करतो आहे. कॉलेजच्या मुलांचे जे व्हिडिओ फसलेले बघितले, त्यांत चित्र वाईट होतं म्हणून फसलेला क्वचितच. आवाज फुटका, दुसऱ्या अंतऱ्यात दाखवायला काही उरलेलं नाही, आणि गाणाऱ्याचे ओठ एकीकडे नि गाणं दुसरीकडे, ही खरी कारणं. या तिन्हींचा बंदोबस्त शूटिंगच्या आधी होतो, म्हणून उत्तराचा अर्धा भाग शूटिंगच्या आधीच्या कामाबद्दलच आहे.

आधी गाणं पक्कं करा. शूटिंगला जाताना हातात असलेलं गाणं आणि शेवटी व्हिडिओखाली वाजणारं गाणं तेच असलं पाहिजे. ‘आत्ता कच्चं घेऊन जाऊ, नंतर नीट गाऊ’ असं ठरवलंत तर नंतरच्या गाण्यात श्वास दुसऱ्या जागी पडतो, एखादा शब्द लांबतो, आणि शूट केलेले ओठ त्यावर बसत नाहीत. मिक्सिंग नंतर सुधारलं तरी चालेल, पण गायन आणि लय बदलायची नाही. रेकॉर्डिंग क्लिकवर करा, म्हणजे कानात मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टकटक वाजणारं ॲप) ठेवून, आणि फाइल ४८ किलोहर्ट्‌झच्या वेव्ह स्वरूपात मागून घ्या. व्हिडिओचा आवाज सहसा ४८ वरच चालतो.

आता लय कशी निवडायची ते सांगतो, कारण याने पुढचं सगळं सोपं होतं. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा धरला तर मिनिटाला १५०० फ्रेम होतात. १५०० ला लयीने, म्हणजे मिनिटाला जितक्या मात्रा त्या आकड्याने, भागा, एका मात्रेच्या फ्रेम मिळतात. लय १०० असेल तर मात्रा बरोबर १५ फ्रेमची, १२५ असेल तर १२ फ्रेमची, ७५ असेल तर २० फ्रेमची. लय ९७ किंवा १०३ ठेवलीत तर आकडा अपूर्णांकात येतो आणि कट दर वेळी अर्ध्या-पाव फ्रेमने इकडेतिकडे बसतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण एडिट करणाऱ्याला प्रत्येक कट हाताने शोधत बसावं लागतं. गाण्याला साजत असेल तर १०० ठेवा. मग आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) ४.८ सेकंदांचं, म्हणजे १२० फ्रेमचं झालं. चाळीस आवर्तनांचं गाणं १९२ सेकंदांचं, ३ मिनिटं १२ सेकंदांचं होतं. ढोलकीवाला कदाचित हेच आवर्तन चार क्लिकांत मोजेल, तेव्हा आकडे त्याप्रमाणे अर्धे होतील. कसंही मोजा, पण पाचही जणांनी एकाच पद्धतीने मोजा.

गाणं आधीच क्लिकशिवाय रेकॉर्ड झालेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या, गाणं वाजवत ठेवा आणि दर समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, कंट्रोल आणि एम ही बटणं दाबत चला. प्रत्येक समेवर खूण पडते. सगळ्या खुणा वेळेसकट मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात. पहिल्यांदा हात थोडा मागे-पुढे पडेल, मग खुणा लाटांच्या चित्राकडे बघून सरकवून घ्या.

हा हिशेब गूगल शीटमध्ये उतरवा. एका ओळीत एक आवर्तन: क्रमांक, सुरू होण्याची वेळ, गाण्याची ओळ, फ्रेममध्ये कोण, जागा, वेळ सकाळची की संध्याकाळची, अंगावर कपडे कोणते, हातात काय. समजा तुमची रचना अशी आहे: चार आवर्तनं सुरुवातीचं संगीत, चार धृपद, आठ पहिला अंतरा, चार धृपद, चार मधलं संगीत, आठ दुसरा अंतरा, चार धृपद आणि शेवटची चार. मग दुसरा अंतरा पंचविसाव्या आवर्तनाला, म्हणजे १ मिनिट ५५ सेकंदांवर सुरू होतो. ही शीट पाचही जणांच्या मोबाइलवर उघडते, एकाने बदल केला की सगळ्यांना दिसतो, आणि ‘तो शॉट घ्यायचा राहिला’ हे घरी परतल्यावर कळण्याऐवजी खळ्यावरच कळतं. जिथे नेटवर्क नाही तिथे, आणि जांबोटीच्या पुढे बऱ्याच ठिकाणी ते जातं, शीट आधीच ऑफलाइन उघडून ठेवा आणि एक कागदी प्रत खिशात ठेवा.

यापुढची पायरी बहुतेक मुलं टाळतात, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक आवर्तनासाठी एक चित्र काढा. काड्यांची माणसं चालतील. माणूस जवळ आहे की लांब, कुठल्या बाजूला बघतो, कुठून कुठे जातो, एवढंच त्यात कळायला हवं. चाळीस चित्रांचे मोबाइलवर फोटो काढा, एडिटिंगच्या ॲपमध्ये गाण्याखाली ओळीने लावा, प्रत्येक चित्र त्याच्या वेळेइतकं लांब ठेवा. याला ॲनिमॅटिक म्हणतात. खर्च शून्य, वेळ एक संध्याकाळ. मग ते घरातल्या अशा कुणाला तरी दाखवा ज्याला गाणं माहीत नाही, आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसा.

नजर कुठे ढळते ते तिथेच कळतं. माझ्या अनुभवात ती बहुधा दुसऱ्या अंतऱ्यावर ढळते. पहिल्या दीड मिनिटात आपण शेत दाखवलं, आज्जी दाखवली, विळा दाखवला, गाणारा दाखवला. आता परत तेच कसं दाखवणार? दुसऱ्या अंतऱ्यासाठी काहीतरी राखून ठेवावं लागतं: नवी जागा, दिवसाची वेगळी वेळ, किंवा ज्या माणसाचे आतापर्यंत फक्त हात दिसले त्याचा चेहरा. तुमचं गाणं सुगीचं आहे तर पहिला अंतरा कापणीवर ठेवा आणि मळणी-उफणणी पूर्णपणे दुसऱ्यासाठी राखा. मधल्या संगीताच्या चार आवर्तनांत कुणीही गात नसतं, तिथे काम दाखवा: पेंढ्या बांधणं, डोक्यावरचा भारा, बांधावरची न्याहारी. गाणारा माणूस हात हलवत उभा आहे आणि संगीत वाजतंय, हे दृश्य फार वेळ बघवत नाही.

ॲनिमॅटिक जमलं की त्यातली काही चित्रं काढून त्या जागी तालमीचे तुकडे घाला. घराच्या अंगणात मोबाइलवर रोजच्या कपड्यांत घेतलेले असले तरी पुरे. आठ पावलं चालत येऊन ओळ सुरू करायची असं कागदावर लिहिणं सोपं असतं. अंगणात करून बघितलं की कळतं, आठ पावलांना सहाच मात्रा लागतात आणि उरलेल्या दोन मात्रांत गाणाऱ्याला काय करावं ते सुचत नाही.

जागा ठरवताना ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जाऊन बघा. आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही, साडेबाराच्या आसपास येतो. जानेवारीत उगवतो सातच्या सुमारास. सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, तेव्हा त्या वेळात सावलीतली दृश्यं ठेवा: पडवी, परसू, मोठ्या फणसाखाली. सन सीकरसारखं ॲप मोबाइल आकाशाकडे धरला की सूर्य कुठल्या वाटेने जाणार ते दाखवतं. त्यावरून खळ्याची कुठली बाजू निवडायची ते ठरवा.

उफणणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण असं दृश्य तुमच्या दारात आहे आणि शहरातल्या मुलांना ते पैसे देऊनही मिळत नाही. संध्याकाळी साडेचारनंतर, सूर्य उफणणाऱ्या बाईच्या मागे आणि कॅमेरा तिच्यासमोर, असं उभं राहा. सुपातून धान्य सुटतं आणि फोलपटं वाऱ्याबरोबर बाजूला जातात, ती मागून आलेल्या उन्हात एकेक उजळतात. मागे गडद काहीतरी हवं, झाडी किंवा गवताची गंजी. मागे पांढरं आकाश आलं तर फोलपटं दिसणारच नाहीत. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावून प्रकाश वाढवू नका, तो उजळलेल्या फोलपटांवर कुलूपबंद (लॉक) करा. चेहरा थोडा काळवंडेल, त्यासाठी समोरून पांढरं थर्माकोल धरा. वारा कुठून येतो ते आधी त्या बाईंना विचारा, त्यांना नेमकं माहीत असतं. आणि लेन्स दर शॉटआधी पुसा, खळ्यावरची धूळ मिनिटभरात बसते.

हे काम दुसऱ्यांदा ‘करून दाखवायला’ सांगू नका. उफणणी कुणाच्या तरी घरच्या धान्याची चालू असते. आदल्या दिवशी जाऊन, ‘काकू, उद्या तुमी उफणताना आमी बाजूला थांबून शूटिंग करू काय?’ असं विचारा, आणि काम जसं चालेल तसं घ्या. दोघांनी दोन मोबाइल धरले की एकदाच झालेलं काम दोन बाजूंनी मिळतं.

यातच तुमच्या ‘किती दिवस’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. सुगी तुमच्या गाण्यासाठी थांबणार नाही. कापणी, मळणी, उफणणी यांत कुणी गात नसेल तर त्यांना ओठांचा हिशेब लागत नाही, तेव्हा गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी जरी सुगी आली तरी हे शॉट घेऊन ठेवा. ॲनिमॅटिक मात्र तोपर्यंत झालेलं असू द्या, कच्च्या गाण्यावर का होईना. म्हणजे काय घ्यायचं ते ठाऊक असतं. गाणाऱ्याचे शॉट नंतर एका पूर्ण दिवसात होतात. सकाळी सात ते साडेदहा, मग दुपारी साडेतीन ते अंधार पडेपर्यंत, आणि मधला वेळ जेवण, चार्जिंग आणि फाइली उतरवायला.

परवानगीचं थोडक्यात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथे तिपाई लावून गाणं शूट करायचं तर आधी त्या खात्याची लेखी परवानगी हवी, आणि किल्ल्यात लष्कराच्या ताब्यातला भाग आहे तिकडे कॅमेरा फिरवायचाच नाही. भीमगड अभयारण्यात वन खात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. रेल्वे रुळांवर उभं राहून शूट करणं गुन्हा आहे आणि जिवावर बेतणारं आहे. लोंढा मार्गावर गाड्यांची ये-जा चालूच असते. असोग्याला मलप्रभेच्या काठी जायचं असेल तर देवळाच्या मंडळींना विचारा आणि भाविकांची वेळ टाळा. रस्त्यावरच्या दृश्यांत मागे कुठले फलक, झेंडे, पोस्टर येतात ते बघून फ्रेम ठरवा. आपल्या भागात व्हिडिओची चर्चा गाणं सोडून मागच्या फलकावर जायला वेळ लागत नाही, आणि तुमच्या मित्राच्या शब्दांवर तो अन्याय होईल.

ड्रोनचा मोह सोडा असं मी का म्हणतो? २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागलेलं आहे, आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याला विमानतळाबरोबर हवाई दलाचं केंद्रही आहे. २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोनसुद्धा लाल क्षेत्रात परवानगीशिवाय उडवता येत नाही. तुमचं गाव कुठल्या रंगात येतं ते सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर बघता येतं. पण नियम बाजूला ठेवले तरी तुमच्या गाण्याला त्याची गरज दिसत नाही. सुगी ही हातांची आणि पाठींची गोष्ट आहे, वरून बघितली की माणसं ठिपके होतात. एखादं उंचावरचं दृश्य हवंच असेल तर शेतातल्या माच्यावर किंवा घराच्या माळ्याच्या खिडकीत चढून घ्या.

आता शूटिंगच्या दिवसाचं तंत्र. दोन्ही मोबाइल एकाच फ्रेम दरावर ठेवा. २५ ठेवता येत असेल तर २५. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात ३०च असेल तर ओपन कॅमेरा किंवा काही फोनांवर चालणारं ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही मोफत ॲप बघा. तरीही जमलं नाही तर दोन्ही ३० वर ठेवा, मग १०० च्या लयीत मात्रा १८ फ्रेमची होईल आणि हिशेब तसाच चालेल. घरातल्या दृश्यांना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे घरातल्या ट्यूब किंवा एलईडीखाली १/५० किंवा १/१०० शटरवर चित्र थरथरत नाही, १/६० वर थरथरतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, कुलूपबंद करा, नाहीतर माणूस लाल मातीसमोरून हिरव्या शेतासमोर गेला की कातडीचा रंग मधेच बदलतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका. फोर-के रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण पावणेदोनशे ते चारशे एमबी जागा लागते, कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीवर, अवलंबून. गाणाऱ्याचे पूर्ण गाण्याचे दहा टेक म्हटले तरी तेरा जीबीपर्यंत जागा आधी रिकामी हवी.

गाणं मोठ्याने वाजवायला स्पीकर न्या आणि गाणाऱ्याला खरंच मोकळ्या गळ्याने गायला सांगा. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा, छाती, भुवया काहीच हलत नाही आणि खोटेपणा लगेच उघडा पडतो. गाण्याच्या फाइलच्या सुरुवातीला चार मात्रांचे ठोके घालून ठेवा म्हणजे सुरुवात सगळ्यांची एकत्र होते. प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर शॉटचा क्रमांक बोलून एक टाळी वाजवा.

लांबून घेतलेल्या शॉटमध्ये मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर गाणाऱ्याजवळ आणि मोबाइल ३४ मीटर लांब बांधावर असेल तर मोबाइलला गाणं सेकंदाच्या दहाव्या भागाने, म्हणजे अडीच फ्रेम उशिरा ऐकू येतं. कॉम्प्युटरने आवाजावरून शॉट जुळवला की ओठ गाण्याच्या पुढे पळतात आणि कुणाला कारण सापडत नाही. लांबच्या शॉटला आवाज विसरा, ओठांकडे बघून जुळवा. ‘प’, ‘ब’, ‘म’ या अक्षरांना ओठ मिटतात, ती फ्रेम धरा.

गाणाऱ्याचं प्रत्येक ठिकाणी एकदा तरी संपूर्ण गाणं न थांबता घ्या, मग तुकडे. पूर्ण टेक हाताशी असला की एडिटिंगमध्ये कुठेही भोक पडलं तरी भरता येतं. चाल संथ आणि ओठ मात्र गाण्यावर, असं स्वप्नासारखं दृश्य हवं असेल तर ऑडॅसिटीत गाण्याचा वेग दुप्पट करून घ्या, त्या वेगाच्या गाण्यावर गायकाला गायला लावा आणि ५० फ्रेमने शूट करा. नंतर ते २५ वर ताणलं की ओठ मूळ गाण्यावर बसतात आणि पदर, केस, धूळ अर्ध्या वेगाने हलतात. संबंध गाण्यात एकदा, शेवटच्या धृपदाला वापरलंत तर शोभेल.

घरी आल्यावर फाइली केबलने उतरवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून बारीक होतो, तो एडिटिंगला घेऊ नका. तीन प्रती ठेवा: लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी दुसऱ्या कुणाच्या घरी किंवा गूगल ड्राइव्हवर. तीन प्रती झाल्याशिवाय मोबाइलमधून काही पुसायचं नाही. फाइलींना शीटमधल्या आवर्तनाचं नाव द्या. मोबाइल बऱ्याचदा फ्रेम दर आपल्या मनाने कमी-जास्त करतात, त्यामुळे सुरुवातीला जुळलेला टेक दोन मिनिटांनी सुटतो. तसं दिसलं तर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून फाइल स्थिर फ्रेम दरात काढा आणि मगच जुळवा.

जुन्या लॅपटॉपवर डाविंची रिझॉल्व्ह जड जाईल, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरा, दोन्ही मोफत आहेत. फोर-के फाइली अडखळत असतील तर प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या हलक्या प्रती, बनवून त्यावर काम करा. ॲनिमॅटिकचाच प्रकल्प उघडा आणि एकेक चित्र काढून त्या जागी शॉट टाकत जा. कट करताना ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी केलात तर डोळ्याला तो ठोक्यावरच वाटतो. प्रत्येक ठोक्यावर कट नको. केरव्याची सम आपोआप ऐकू येत असते, तिथे एखादा मोठा बदल करा आणि मधल्या मात्रांत चित्राला श्वास घेऊ द्या. आज्जीचा चेहरा असेल तर दोन पूर्ण आवर्तनं ठेवा, साडेनऊ सेकंद फार वाटतात पण ते टिकतात. रंगांत आधी कातडी दोन्ही मोबाइलची सारखी करा. आपली तांबडी माती रंग जरा वाढवला की लगेच भडकते, म्हणून लाल हलका ठेवा.

शब्द पडद्यावर दिसू द्या. गाण्यात ‘करालोय’, ‘येवलाय’ असं आपलं बोलणं असेल तर ते तसंच लिहा, प्रमाण मराठीत बदलू नका. आपोआप सबटायटल बनवणारी ॲप आपल्या भागातली मराठी चुकीची ऐकतात, तेव्हा तीन मिनिटांचे शब्द हाताने टंकलेले बरे. जोडाक्षरं तुटत असतील तर नोटो सान्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फाँट घ्या. आणि कन्नड सबटायटल जरूर करा, वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये, म्हणजे यूट्यूबवर ज्याला हवी त्याला लावता येतील. भाषांतर कन्नड बोलणाऱ्या मित्राकडून तपासून घ्या. आपल्या मातीत गाणं भाषेच्या कुंपणाशी थांबलेलं नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली एका कन्नड घरात जन्मलेले कुमार गंधर्व साऱ्या मराठी मुलखाने आपले मानले. तुमच्या वर्गात, तुमच्या गावात कन्नड बोलणारी माणसं आहेत, त्यांच्याही घरी सुगी होते.

हक्कांचं काम शूटिंगच्या आधी कागदावर करा. शब्द आणि चाल मित्राची असली तरी गाणं कोण, कुठे, किती काळ वापरणार ते एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करा. पुढे गाणं चाललं तर याच कागदाने मैत्री शाबूत राहते. इंटरनेटवरून उतरवलेला तयार ठेका किंवा लूप वापरला असेल तर त्याचा परवाना वाचा, ‘मोफत’ म्हटलेल्या ठेक्यावरही यूट्यूब दावा दाखवू शकतं. भारतात १९५७ च्या कायद्याने कवी-संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणून जुन्या चित्रपटगीताची ओळ मधे घालायचा विचार असेल तर तो सोडा. संतांचे अभंग किंवा जात्यावरच्या परंपरागत ओव्या मोकळ्या आहेत, पण त्यांचं कुणी केलेलं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. आज्जीने ओवी गायली तर तिच्या आवाजावर तिचा हक्क आहे. तिला विचारा, श्रेयनामावलीत तिचं नाव पूर्ण लिहा. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती घ्या, अठराच्या खालच्या मुलांसाठी पालकांची सही हवी.

दाखवण्यासाठी १०८० रिझॉल्यूशनची एच-२६४ एमपी-फोर फाइल काढा, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ती बिनतक्रार चालते. आवाज उणे १४ लफ्सच्या (LUFS, आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा, यूट्यूब त्याच्यावरचा आवाज स्वतःच खाली आणतं, तेव्हा कर्कश करून उपयोग नाही. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी सभागृहात जाऊन त्याच प्रोजेक्टरवर, त्याच स्पीकरवर पूर्ण गाणं वाजवून बघा. प्रोजेक्टरवर चित्र मोबाइलपेक्षा फिकं दिसतं, आणि खळ्यावरची संध्याकाळ तिथे नुसती करडी होऊ शकते. तशी झाली तर सभागृहासाठी थोडी उजळ अशी वेगळी प्रत काढा.

खर्चात एक मागणी मी नक्की करीन: सात हजारांतून गाणं वाजवायला एक बऱ्यापैकी स्पीकर भाड्याने घ्या आणि दोन पॉवर बँक न्या. मळणीचं यंत्र चालू असताना मोबाइलच्या आवाजावर कुणालाही गाता येत नाही. शीट आणि कच्चं ॲनिमॅटिक झालं की मला पाठवा, शूटच्या आधी बघून काय कमी आहे ते सांगतो.